तांत्रिक अडचण : चूक किती मोठी, हे कोणी ठरवायचे?

मराठीत 'तांत्रिक' हा शब्द मोठा सोयीचा आहे. यंत्र बिघडले तर ती तांत्रिक अडचण, आणि अर्जावर सही राहिली किंवा दिनांक चुकला तर तीही तांत्रिक चूक. पहिल्या ठिकाणी हा शब्द कारण सांगतो, दुसऱ्या ठिकाणी महत्त्व कमी करतो. 'काही तांत्रिक कारणास्तव' अशी सुरुवात असलेले परिपत्रक वाचताना दोन्ही अर्थ एकदमच कानावर येतात : बिघाड यंत्राचा आहे, आणि तो किरकोळ आहे. यातला पहिला भाग बहुधा खरा असतो. दुसरा भाग कोणी, कशावरून ठरवला हे मात्र परिपत्रकात कधी लिहिलेले नसते.

महाराष्ट्रातले विद्यार्थी आणि त्यांच्या परीक्षा व प्रवेश चालवणाऱ्या संस्था यांच्यात गेली चाळीसहून अधिक वर्षे जे वाद झाले, त्यांतले बरेचसे 'चूक झाली की नाही' असे नव्हतेच. चूक झाली हे दोन्ही बाजूंना मान्य होते किंवा निदान शक्य वाटत होते. वाद होता तो ती केवढी मोठी यावर. या वादाचा इतिहास आपल्याकडे संगणकाच्या आधी सुरू होतो आणि संगणक आल्यावर जास्त चिघळतो.

आधी शब्दांकडे पाहू. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची रीत संगणकाहून जुनी आहे. एडिसनने १८७८ सालच्या पत्रव्यवहारात आपल्या प्रयोगांतल्या अडचणींसाठी हा शब्द वापरलेला आढळतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क टू' या यंत्राच्या रिलेमध्ये खराखुरा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. ती गमतीची आहे, पण आपल्या विषयाला तिचा फारसा उपयोग नाही. पतंगाच्या बाबतीत वाद घालायला कोणी नव्हते, कारण यंत्र चालवणारे, बिघाड सोसणारे आणि दुरुस्त करणारे सगळे एकाच खोलीत होते.

वाद सुरू झाला तो ही खोली वेगळी झाल्यावर. वापरणारा एकीकडे, बनवणारा दुसरीकडे, आणि मध्ये तक्रारींचा ढीग. ढीग वाढला की तो निवडावा लागतो. १९९८ साली मोझिला प्रकल्पासाठी 'बगझिला' ही दोषनोंदणीची प्रणाली खुली झाली. तीत प्रत्येक तक्रारीला तीव्रतेची पायरी द्यावी लागे. काम अडवणारा, अतिगंभीर, गंभीर, साधारण, किरकोळ, क्षुल्लक अशी ती उतरंड होती. शेजारीच आणखी एक रकाना होता, प्राधान्याचा. तीव्रता म्हणजे दोषाने होणारे नुकसान. प्राधान्य म्हणजे तो कधी दुरुस्त करायचा याचा बनवणाऱ्याचा निर्णय. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात मोठे शहाणपण होते. आज आमच्याकडे माणसे कमी आहेत, म्हणून हा दोष पुढच्या महिन्यात पाहू, असे म्हणणे प्रामाणिक आहे. आज पाहता येणार नाही म्हणून तो किरकोळ आहे, असे म्हणणे वेगळे. व्यवहारात पहिले वाक्य दुसऱ्यात केव्हा बदलते, हे बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

या भांडणाचे रीतसर शिक्षणही दिले जाते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा एक विषय आहे. त्यात विद्यार्थ्यांचे गट सत्रभर राबून एकेक ॲप तयार करतात, आणि परीक्षेत एका गटाचे ॲप दुसऱ्या गटांतले विद्यार्थी तपासतात. दोष सापडला की तपासणाऱ्याने त्याची तीव्रता लिहायची. बनवणाऱ्या गटाला ती मान्य करता येते, खाली आणता येते, किंवा तक्रारच नाकारता येते. तपासणाऱ्याला त्यावर कारण देऊन हरकत घेता येते. शेवटी निवाडा शिक्षकांचा. गुण दोन्हीकडे पणाला लागलेले असतात.

समजा, एका गटाने विद्यार्थ्यांना विषय आणि सत्रे आखून देणारे ॲप केले. गणिताचा पहिला भाग उत्तीर्ण झाल्याखेरीज दुसरा घेता येत नाही, हा नियम तपासायला ते विसरते आणि विद्यार्थ्याला चुकीचा आराखडा मुकाट्याने आखून देते. बनवणारा म्हणणार, ॲप बंद पडत नाही, बाकी सगळे चालते, आणि नियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेतच. तेव्हा तीव्रता कमी. तपासणारा म्हणणार, नियम स्वतःच पाहायचे असते तर ॲप कशाला हवे होते? चौथ्या सत्रात कळेल की एक विषय राहिला, आणि तोवर वर्ष गेलेले असेल. तेथे तीव्रतेच्या व्याख्या वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या आहेत. केवळ दिसण्यातला दोष सर्वांत खाली, आणि बहुतेकांना मोठी अडचण आणून ॲप जवळजवळ निरुपयोगी करणारा दोष सर्वांत वर. तरीही वाद होतातच, कारण 'अडचण' शब्दाचे माप प्रत्येकाकडे वेगळे असते. पण निदान तेथे हरकत घेण्याची जागा आहे आणि निवाडा करणारा तिसरा माणूस आहे.

आपल्याकडे असा तिसरा माणूस शोधत विद्यार्थी न्यायालयात गेले. तेव्हा ॲप नव्हते, उत्तरपत्रिका होत्या.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत १०४ क्रमांकाचा एक नियम होता. निकालानंतर विद्यार्थ्याला गुणपडताळणी मागता येई. पडताळणीत काय पाहायचे, हे नियमाने बारकाईने सांगितले होते : सगळी उत्तरे तपासली गेली आहेत का, बेरीज बरोबर आहे का, गुण मुखपृष्ठावर नीट उतरवले आहेत का, आणि विद्यार्थ्याने लिहिलेल्या पुरवण्या जागेवर आहेत का. त्यापलीकडे काही नाही. उत्तरपत्रिका पाहायला मिळणार नाही आणि पुनर्मूल्यांकनही होणार नाही.

हा नियम आजच्या नजरेने वाचला तर ती दोषांची प्रतवारीच आहे, हे ध्यानात येते. बेरजेची चूक दुरुस्त होण्याजोगी, सबब मान्य. परीक्षकाने बरोबर उत्तराला शून्य दिले, ही चूक या यंत्रणेच्या लेखी चूकच नाही. तिच्यासाठी रकानाच ठेवलेला नव्हता. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर दोन्हींचा परिणाम एकच. पाच गुण बेरजेत गेले काय आणि तपासणीत गेले काय, वैद्यकीयचा प्रवेश तेवढाच हुकतो.

विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले. उत्तरपत्रिका पाहू न देणारा भाग न्यायालयाने अवैध ठरवला. मंडळाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि १७ जुलै १९८४ रोजी, परितोष कुरमारशेठ या विद्यार्थ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, निकाल मंडळाच्या बाजूने लागला. न्या. बालकृष्ण एराडी यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा असा : परीक्षार्थींची संख्या प्रचंड आहे, प्रत्येकाला उत्तरपत्रिका दाखवू लागलो तर निकालाला अंतिमता राहणार नाही, सारे वेळापत्रक कोसळेल, आणि शैक्षणिक बाबतीत त्या क्षेत्रातल्या संस्थांच्या निर्णयात न्यायालयांनी सहसा हात घालू नये.

या निकालावर नुसती टीका करणे सोपे आहे. पण त्यातला वेळापत्रकाचा मुद्दा पोकळ नव्हता. लाखो मुलांचे निकाल लटकत राहणे हाही एक दोषच, आणि तो सर्वांनाच भोवणारा. न्यायालयाने एका विद्यार्थ्याचे मोठे नुकसान आणि सर्वांचे संभाव्य नुकसान तराजूत टाकले आणि दुसरे पारडे जड मानले. मला खटकते ते वेगळे. दुसऱ्या पारड्यात किती वजन आहे, हे सांगणारा मंडळाखेरीज कोणी नव्हता. उत्तरपत्रिका बंद असल्याने तपासणीतल्या चुका किती आणि केवढ्या, हे मोजण्याची सोयच विद्यार्थ्यांकडे नव्हती. ज्याच्या चुकीचा प्रश्न आहे, त्यानेच चुकीचे माप सांगायचे, अशी ती रचना होती.

ती सैल व्हायला सत्तावीस वर्षे लागली. ९ ऑगस्ट २०११ रोजी, सीबीएसई आणि आदित्य बंदोपाध्याय यांच्या खटल्यात, माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आता आपल्या राज्य मंडळातही छायाप्रत आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकन, ही नेहमीची वाट झाली आहे. आकाश काही कोसळले नाही.

मग उत्तरपत्रिका पडद्यावर गेली.

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासण्याचे ठरवले. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा, आणि काम बंगळुरूच्या मेरिटट्रॅक कंपनीकडे. एखाद्या शाखेत आधी करून पाहू, मग वाढवू, एवढा धीर कोणी धरला नाही. स्कॅनिंग रेंगाळले, प्राध्यापकांना प्रणालीत शिरता येईना, उत्तरपत्रिका चुकीच्या विषयाच्या परीक्षकापुढे उघडू लागल्या. राज्यपाल आणि कुलपती सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती टळली. त्यानंतरच्या तारखाही टळल्या आणि शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले.

या सबंध काळात विद्यापीठाकडून येणारा खुलासा 'तांत्रिक अडचणीं'भोवती फिरत राहिला. प्रत्येक अडचण सुटी पाहिली तर खरोखर लहान होती. स्कॅन झालेले पान वाकडे आले, तर पुन्हा स्कॅन करता येते. पासवर्ड चालला नाही, तर नवा देता येतो. बनवणाऱ्याच्या नोंदवहीत यातल्या कशालाही 'काम अडवणारा' ही पायरी मिळाली नसती. पण कायद्यात एक माप आधीच लिहून ठेवलेले होते, त्याकडे लक्ष कमी गेले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत निकाल लावावा. विधिमंडळाने तीव्रता दिवसांत मोजली होती. सेहेचाळिसाव्या दिवशी अडचण कितीही तांत्रिक असली तरी ती गंभीर, असा त्याचा सरळ अर्थ.

आणि ते माप बरोबर होते. कायद्याच्या पदवीधराला एलएलएमचा प्रवेश घ्यायचा, तर इतर विद्यापीठांचे दरवाजे आपल्या तारखेला बंद होणार. परदेशी जाणाऱ्याचे सत्र ऑगस्टमध्ये सुरू होणार. गुण अखेरीस अगदी बिनचूक लागले असते, तरी त्यांचे नुकसान झालेच होते. तेही बिनचूक लागले नाहीत. परीक्षेला बसलेले विद्यार्थी 'गैरहजर' दाखवले गेले, काहींच्या पुरवण्या सापडेनात, आणि ज्यांच्या उत्तरपत्रिकाच मिळाल्या नाहीत त्यांना सरासरीने गुण देण्याची वेळ आली. चाळीस वर्षांपूर्वीच्या नियमाने 'पुरवण्या जागेवर आहेत का' ही तपासणी अत्यावश्यक मानली होती. नव्या यंत्रणेला नेमके तेच जमले नाही. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. दोषाची खरी पायरी त्या दिवशी अधिकृतपणे मान्य झाली म्हणायची. पण ज्यांची मुदत जुलैत संपली होती, त्यांना त्याचा उपयोग शून्य.

याच वर्षी, २०१७-१८ पासून, अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश नाशिक महापालिका क्षेत्रात आला. मुंबईत तो २००९ पासून होता. नाशिकबरोबर नागपूर आणि अमरावतीही त्यात आले. त्याआधी नाशिकचे पालक कॉलेज रोडवर एचपीटी-आरवायके, गंगापूर रोडवर केटीएचएम, नाशिकरोडला बिटको असे फिरून अर्ज घेत, भरत आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर यादी पाहायला जात. दगदग होती, वशिल्याच्या तक्रारीही होत्या. नव्या पद्धतीने गुणवत्तेचा क्रम सर्वांना दिसू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण दोषाचा आकार बदलला. पूर्वी एका खिडकीवरच्या कारकुनाने गुण चुकीचे लिहिले तर ते त्या खिडकीपुरते राही, आणि समोर माणूस असल्याने भांडता येई. आता एक चूक सगळ्या पसंतीक्रमांवर एकदम उतरते.

या प्रक्रियेचा एक नियम येथे सांगायला हवा. विद्यार्थी अर्जाच्या दुसऱ्या भागात एक ते दहा महाविद्यालये क्रमाने देतो. पहिल्या पसंतीचे मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्या बंद. नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे, नाहीतर जागा अडून राहतात. पण त्यामुळे क्रम लिहिण्याच्या पानाला विलक्षण महत्त्व येते. मोबाइलच्या लहान पडद्यावर यादी सरकून दोन नावे वरखाली झाली, तर प्रणाली बनवणारा त्याला दिसण्यातला दोष म्हणेल. अर्ज लॉक झाल्यावर तो दोन वर्षांचा प्रश्न होतो. सिंगापूरच्या त्या पायऱ्यांवर हा दोष कोठे बसवायचा? लॉक करण्याआधी अगदी तळाला आणि नंतर अगदी वर, असे उत्तर द्यावे लागेल. तीव्रता दोषात जेवढी असते, तेवढीच तारखेत असते. आणि शिक्षणाच्या यंत्रणांत तर मुख्यतः तारखेतच.

२०२५ मध्ये ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये, आणि दहावी उत्तीर्ण झालेले सुमारे साडेचौदा लाख विद्यार्थी. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि २६ मेपासून नव्याने सुरुवात झाली. पाच दिवस. नाशिक शहरात घरी संगणक असलेल्या मुलाला हे पाच दिवस जाणवलेही नसतील. पण या वर्षी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे तालुकेही पहिल्यांदाच त्याच पोर्टलवर होते. पाड्यावर रेंज नाही म्हणून मुलीला घेऊन तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्रावर यायचे, तर गाडीभाडे आणि त्या दिवसाची मजुरी जाते. आणि 'साइट बंद आहे, उद्या या' ऐकून परत फिरायचे. मुदत वाढली, कोणाचा प्रवेश त्या पाच दिवसांमुळे गेला नाही, असे म्हणता येईल. अधिकृत हिशेबात नुकसान शून्य. बनवणाऱ्याच्या भाषेत, पर्यायी मार्ग उपलब्ध होता. पर्यायी मार्गाचे भाडे कोणी भरले, हा रकाना कोणत्याच नोंदवहीत नसतो.

'किती जणांना त्रास झाला' या मापाचीही अशीच गंमत आहे, जरी गंमत हा शब्द पुढच्या उदाहरणाला शोभत नाही. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली आली. तिच्या दोषांमुळे पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण चोरी-अफरातफरीत दोषी ठरले. २०१० मध्ये सापडलेल्या एका दोषाचा फटका साठेक कचेऱ्यांना बसला होता. हजारो कचेऱ्यांत साठ, म्हणजे नगण्य. पण त्या साठांतल्या माणसाला कोर्टात हिशेब दाखवायचा होता. २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडच्या प्रवेशांत कोणी तुरुंगात जात नाही, आणि दोन्ही एका पातळीवर ठेवण्याचा माझा इरादा नाही. पण टक्केवारीने तीव्रता मोजण्याची सवय तीच आहे. साडेचौदा लाखांत शंभर मुलांचा प्रवर्ग चुकीचा उतरला तर ते प्रमाण दशांश चिन्हानंतर दोन शून्ये ओलांडल्यावर दिसते. सुरगाण्यातल्या मुलाच्या दृष्टीने प्रमाण एकास एक असते.

वरिष्ठ महाविद्यालयांत हा प्रश्न आता दरवर्षी पडणार. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय आणि प्रत्येकाचे श्रेयांक. ते कोठे किती साठले हे संगणकच सांगणार. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात, १९८९ पासून, राज्यभरचे विद्यार्थी दूर राहून शिकत आले आहेत, आणि त्यांतल्या नोकरदारांना व गृहिणींना अभ्यासक्रमाची घडी आपली आपणच बसवावी लागते. कला शाखेच्या पहिल्या वर्षातल्या मुलाने चुकीचा मायनर घेतला आणि प्रणालीने हटकले नाही, तर ते तिसऱ्या वर्षी बाहेर येईल. तोवर प्रणाली बदललेली असेल, कंत्राटदारही बदललेला असेल.

अकरावीच्या पोर्टलवर तात्पुरती सर्वसाधारण गुणवत्ता यादी लागली की हरकती मागवतात. विद्यार्थ्याने आपल्या लॉगिनमधून आपले नाव, गुण, प्रवर्ग चुकल्याचे कळवायचे आणि शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयाने ते तपासायचे. ही चांगली सोय आहे आणि तिचा उपयोगही होतो. हरकत घेता येते ती मात्र आपल्या माहितीवर. पोर्टल बंद पडल्याने ई-सेवा केंद्राच्या तीन फेऱ्या झाल्या, किंवा यादी सरकल्याने पसंतीक्रम उलटा लॉक झाला, हे लिहायला त्या पानावर जागा नाही. १०४ क्रमांकाच्या नियमातही बेरजेला जागा होती आणि तपासणीला नव्हती. २०२५ ची पहिली निवड यादी २८ जूनला लागली, आणि पेठच्या बसस्थानकाजवळच्या केंद्रांवर प्रवेशपत्राच्या प्रिंटसाठी नव्याने रांगा लागायला सुरुवात झाली असणार.